कोर्टाची पायरी : नोटीस हाती आल्यावर व्यापारी-कारागिरांनी काय करावे?

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्या पेठांतून रोज ऐकू येते. म्हण अगदीच खोटी नाही. खटल्यात वर्षे जातात, तारखेच्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागते आणि वकिलांची फी भरताना गल्ला रिकामा होतो. भाऊबंदकीच्या किंवा मानापमानाच्या भांडणात कोर्टापेक्षा चार जाणत्यांची बैठक बरी, हे आम्हीही सांगू. परंतु समोर भाऊबंद नसून नगरपालिका, पोलीस खाते किंवा सरकारचा एखादा हुकूम असतो, तेव्हा ही म्हण कामाची नाही. सत्तेपुढे एकटा दुकानदार दुबळा असतो. त्याला सत्तेच्या बरोबरीने उभे करणारी एकच जागा आहे, ती म्हणजे न्यायालय.

आमचे निरीक्षण असे की, नोटीस हाती पडली की आपल्या बांधवांकडून दोन गोष्टी होतात. काही जण घाबरून कोणा पुढाऱ्याच्या दारी जातात. काही जण नोटीस गल्ल्याखाली सारून देतात. दोहोंतही उत्तर देण्याचे दिवस निघून जातात आणि मग हक्क असूनही हाती काही राहत नाही. म्हणून या अंकात वाई ते दिल्ली अशी न्यायालयांची रचना कशी आहे, तिथे लहान माणसाला आजवर काय मिळाले आणि ते मिळण्यासाठी आपण काय तयारी ठेवावी, याची माहिती देत आहोत.

हक्क कोठून येतो?

न्याय मागण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. आदिलशाहीच्या आणि मराठेशाहीच्या काळात गावोगावचे तंटे मजलिशीपुढे येत. तिथे देशमुख, देशपांडे, काजी आणि बाजारपेठेचे शेटे-महाजन बसत आणि निकालाच्या कागदाला महजर म्हणत. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना दोषी धरले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तेव्हाचा न्याय हा न्यायाधीशाच्या धैर्यावर आणि राज्यकर्त्याच्या मर्जीवर होता.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि यात मोठा फरक पडला. घटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्याचा हक्क दिला. त्यावर सरकारला बंधने घालता येतात, पण ती जनहितासाठी, वाजवी आणि कायद्याने घातलेली असली पाहिजेत. १४वे कलम सर्वांना कायद्यापुढे समान मानते. २१वे कलम जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य राखते. कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. हे हक्क मोडले तर ३२व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात आणि २२६व्या कलमाखाली उच्च न्यायालयात दाद मागता येते.

भाजीवाला आणि विडीवाला

हे हक्क बड्या गिरणीमालकांसाठी आहेत असा कोणाचा समज असेल, तर पुढील तीन खटले पाहावेत.

उत्तर प्रदेशातील कैराना हे लहानसे गाव. तिथल्या नगरपालिकेने घाऊक भाजीविक्रीचा मक्ता एकाच व्यक्तीला दिला होता. रशीद अहमद नावाच्या भाजी व्यापाऱ्याने परवाना मागितला, तो नाकारला गेला, आणि धंदा चालू ठेवला म्हणून त्याच्यावरच खटला भरण्यात आला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मे १९५० मध्ये, म्हणजे घटना लागू होऊन चार महिने होतात न होतात तोच, न्यायालयाने निकाल दिला की एकालाच मक्ता देऊन बाकीच्यांना परवाना मिळण्याची सोयच न ठेवणे हे वाजवी बंधन नव्हे. खटला मागे घेण्याचाही हुकूम झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विडीचा खटला निघाला. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४८च्या कायद्याखाली शेतीच्या हंगामात काही गावांत विडी वळण्यास पूर्ण बंदी घातली होती. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू. सागर जिल्ह्यातील एक विडी कारखानदार आणि एक विडी कामगार यांनी दाद मागितली. न्यायालय म्हणाले की, शेतात काम करू न शकणारे म्हातारे, बायका, मुले यांचाही हात या बंदीने बांधला जातो. हेतू चांगला असला तरी बंधन गरजेपेक्षा जास्त आहे. बंदी रद्द झाली.

तिसरा खटला जलालाबादचा, फेब्रुवारी १९५२ मधील. महंमद यासीन हा तिथला फळे-भाजीचा घाऊक व्यापारी. गावच्या समितीने उपविधी करून घाऊक विक्रीवर शुल्क लावले होते आणि ते वसूल करण्याचा ठेका लिलावाने दिला होता. समितीला शुल्क घेण्याचा अधिकार होता तो तिच्या स्वतःच्या जागेच्या वापराबद्दल. इतरांच्या धंद्यावर बसवलेले शुल्क कायद्याच्या आधाराविना होते, म्हणून ते बेकायदा ठरले.

या तीन निकालांचे सार आपल्या बाजारालाही लागू पडते. हुकूम कितीही मोठ्या साहेबाचा असो, तो कोणत्या कायद्याखाली काढला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वाई ते दिल्ली : चार पायऱ्या

पहिली पायरी वाईतच आहे. येथील न्यायालयात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी काम पाहतात. उधारीची वसुली, दुकानभाड्याचा वाद, मनाई हुकूम ही दिवाणी कामे. न वटलेल्या धनादेशाची फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. तिथे मुदतीला फार महत्त्व आहे. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी, ती मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस असतात आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद दाखल करावी. पोलिसांनी कोणाला अटक केली तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. हा नियम घटनेच्या २२व्या कलमातला आहे.

दुसरी पायरी साताऱ्याचे जिल्हा व सत्र न्यायालय. वाईच्या निकालावर अपील तिथे जाते. गंभीर फौजदारी खटले आणि अटकपूर्व जामिनाचे अर्जही सत्र न्यायालयापुढे येतात.

तिसरी पायरी उच्च न्यायालय. १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयात जायचे म्हणजे वाईकराला मुंबई गाठावी लागे. वकिलाची एक भेट म्हणजे दोन दिवसांचा धंदा बुडाला. कोल्हापूरला खंडपीठ व्हावे ही दक्षिण महाराष्ट्राची कित्येक दशकांची मागणी होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. आपल्यासाठी ही फार मोठी सोय आहे. वाईहून महामार्गाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके उच्च न्यायालय जवळ आले.

चौथी पायरी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. त्याने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणूनच कैरानाच्या भाजीवाल्याने जिंकलेला मुद्दा वाईच्या दुकानदाराच्या वकिलालाही वापरता येतो.

कोणते दार ठोठवावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ढोबळ नियम असा : जागा कोणाची, भाडे दिले की नाही, बांधकाम केव्हाचे, अशा साक्षीपुराव्याच्या वादाला दिवाणी न्यायालय. सरकारी यंत्रणेने कायदा डावलून किंवा आपले म्हणणे न ऐकता हुकूम काढला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. मात्र कायद्यात अपिलाची वेगळी सोय असेल तर ती का वापरली नाही, हे उच्च न्यायालय बहुधा विचारते. दिवाणी न्यायालयात तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपली बाजू प्रथमदर्शनी खरी आहे, हुकूम न मिळाल्यास होणारे नुकसान पैशाने भरून निघणार नाही, आणि समोरच्यापेक्षा आपली गैरसोय जास्त आहे. सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एरवी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फारच निकड असेल तर न्यायालयाच्या परवानगीने त्याआधीही दावा लावता येतो.

दुकानावर हातोडा पडण्यापूर्वी

आजच्या काळात आपल्या बांधवांच्या मनात सर्वांत मोठी भीती पाडकामाची आहे. याविषयी दोन निकाल घरोघरी माहीत असायला हवेत.

पहिला मुंबईचा. १९८१ साली पदपथावर राहणाऱ्यांना हटवण्याचा निर्णय झाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने निकाल दिला. पदपथावर कायम राहण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही. त्या अर्थाने ते हरले. पण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि हटवण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घेणे हा नियम आहे, हे तत्त्व देशभर प्रस्थापित झाले. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत कोणाला हटवू नये, असेही न्यायालयाने बजावले.

दुसरा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले की, कोणावर गुन्ह्याचा आरोप आहे, किंवा तो दोषी ठरला आहे, म्हणून त्याचे घर-दुकान पाडता येणार नाही. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे, प्रशासनाचे नव्हे. पाडकामाची रीतही ठरवून दिली. आधी कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची. उत्तरासाठी किमान १५ दिवस. नोटीस दिल्याची खबर जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने. नंतर व्यक्तिशः सुनावणी आणि तिची लेखी नोंद. हुकुमात कारणे हवीत, संपूर्ण पाडण्याखेरीज दुसरा उपाय का नाही, हेही हवे. हुकुमानंतर आणखी १५ दिवस, म्हणजे अपील करता येईल किंवा स्वतःहून बांधकाम काढता येईल. पाडकामाचे चित्रीकरण झाले पाहिजे. हे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागेल.

हा निकाल कागदावरच राहिला नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीनंतर आरोपींच्या घरांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २४ मार्चला तिला स्थगिती दिली. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. तरीही हे विसरू नये की, स्थगिती येईपर्यंत एक घर पाडून झाले होते. न्यायालय हात धरू शकते, पण त्यासाठी वेळेवर हाक मारावी लागते.

या निकालाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो वाईकरांनी नीट ध्यानात घ्यावा. रस्ता, गल्ली, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील, रेल्वेमार्गालगतच्या आणि नदी किंवा इतर जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामाला, तसेच न्यायालयाच्याच हुकुमाने होणाऱ्या पाडकामाला हे संरक्षण नाही. आपल्या गावातून कृष्णा वाहते. नदीकाठी परवानगीविना शेड उभारली असेल तर हा निकाल तिला वाचवणार नाही. तेव्हा आजच परवानगीचे कागद तपासून घ्यावेत.

हातगाडी आणि भाड्याचा गाळा

रस्त्यावर बसणाऱ्या फळवाल्यांसाठी, अत्तर-टोप्या-बांगड्या विकणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. शहर पथविक्रेता समिती नेमून पाहणी करणे आणि विक्री प्रमाणपत्र देणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असे हा कायदा सांगतो. त्यानंतरही हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला दिली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळतो, त्यासाठी ठरलेले शुल्क भरावे लागते. गाडी उचलली तर वाद घालत बसू नये. आधी यादीची प्रत मागावी.

भाड्याच्या गाळ्यासाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. कायदा लागू असलेल्या जागेत भाडे थकले तरी मालकाला लगेच दावा लावता येत नाही. लेखी मागणीची नोटीस दिल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर सालीना १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून गाळा वाचवता येतो. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. "पिढ्यानपिढ्यांचे संबंध आहेत, पावती कशाला?" असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. संबंध वडिलांशी असतात, दावा मुलगा लावतो.

हक्काला मर्यादाही आहेत

न्यायालयात गेले की निकाल आपल्या बाजूनेच लागतो, असे आम्ही सांगणार नाही. कुरेशी बांधवांना हे चांगले ठाऊक आहे. १९५८ साली महंमद हनीफ कुरेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईच्या कत्तलीवरील बंदी कायम ठेवली, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलांबाबतची सरसकट बंदी वाजवी मानली नाही. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात ती सरसकट बंदीही वैध ठरवली. महाराष्ट्रातील २०१५ च्या बंदीविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी निकाल दिला. कत्तलबंदी कायम राहिली. मात्र राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे असे म्हणणारे कलम रद्द झाले. याविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली.

दुसरे उदाहरण जुलै २०२४ चे. कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकाचे व नोकरांचे नाव पाटीवर लावावे, असे आदेश उत्तरेकडील काही ठिकाणी निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात ते लिहावे, नाव लिहिण्याची सक्ती करू नये, असे सांगितले. यावरून दिसते की, न्यायालय सर्व काही देत नाही, पण जे देते तेही मागितल्याशिवाय मिळत नाही.

कागद जपा

कुरआनातील सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची शिकवण आहे. आपण ती मजलिशीत ऐकतो आणि दुकानात विसरतो. न्यायाधीशाला आपला चेहरा माहीत नसतो, त्याच्यापुढे कागद बोलतो. म्हणून प्रत्येक दुकानदाराने व कारागिराने एक फाईल करावी. तीत भाडेकरार व पावत्या, दुकान नोंदणी, धंद्याला लागणारे परवाने, मिळकत कर व वीजबिले, बांधकाम परवानगी आणि जागेचे जुने फोटो ठेवावेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न परवाना विसरू नये.

नोटीस आली की ती घेण्यास नकार देऊ नये. मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. मग चार प्रश्न विचारावेत : ही नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे? उत्तराला किती दिवस आहेत? सुनावणी केव्हा आहे? कारण काय दिले आहे? उत्तर मुदतीत, लेखी द्यावे आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. प्रतिपक्ष दिवाणी न्यायालयात जाऊन एकतर्फी मनाई हुकूम मिळवील अशी शंका असेल तर वकिलामार्फत कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस चालते आणि त्या काळात आपल्याला कळवल्याशिवाय बहुधा हुकूम होत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, कोठडीतील व्यक्ती, कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सर्व जण मोफत वकील मागू शकतात. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा साताऱ्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. देण्याघेण्याचे साधे वाद लोकअदालतीत मिटवावेत. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते आणि चालू दावा मिटला तर कोर्ट फी परत मिळते.

आपल्या जमातीच्या बैठकांतून लग्नकार्याची आणि वर्गणीची चर्चा होते. वर्षातून एक बैठक या विषयासाठीही व्हावी, अशी आमची सूचना आहे. वाईतील एखाद्या जाणत्या वकिलांना बोलवावे, नव्या मुलांना नोटीस वाचायला आणि उत्तर लिहायला शिकवावे. १९५० साली कैरानाच्या एका भाजीवाल्याने दिल्लीचे दार ठोठावले, तेव्हा त्याच्याजवळ धंद्याचा हक्क आणि तो मागण्याची हिंमत होती. हक्क तोच आपल्याजवळही आहे. त्याच्या जोडीला वेळेवर दिलेले उत्तर आणि जपून ठेवलेला कागद असेल, तर कोर्टाची पायरी चढणाराच शहाणा ठरेल, इन्शाअल्लाह.